भिंतीअलीकडच्या वाफ्यांची माझ्यामागची व्यवस्था

मी, खाली सही करणारी बाई, धंद्याने रोपवाटिकावाली, विधवा, निपुत्रिक, वय सत्तरीच्या पुढे, हे लेखी ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल तपासून तसे स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे, कारण माझ्या भावाला ते पटणार नाही. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि खोकल्याच्या औषधाशिवाय मी काही घेत नाही. फुप्फुसांचा भरवसा उरलेला नाही, म्हणून घाई.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही बालगृहाच्या विश्वस्त मंडळाला दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते. ते कोणाच्या कपाटात सापडले तर त्याने खुशाल चूल पेटवावी.

वकिलांनी मला बजावले की मृत्युपत्रात मिळकत लिहायची, मनातले लिहायचे नाही. मी विचारले, मिळकत थोडी आणि मनातले जास्त असेल तर काय करायचे? त्यांनी चष्मा पुसला आणि कोरे कागद माझ्यापुढे सरकवले. तेव्हा जे लिहिते आहे ते माझ्या जबाबदारीवर.

कलम १. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर माझ्या भावाने तिथे बोलू नये.

कलम २. मिळकतीचे वर्णन. दोन खोल्यांचे घर. त्याला लागून हिरव्या जाळीची रोपवाटिका. तिच्यामागे बालगृहाच्या कुंपणभिंतीपर्यंत पसरलेली जमीन, विहीर आणि पंप यांसह. वडील गेले तेव्हा भावाने शहरातले घर आणि दुकान घेतले आणि मला हा खडकाळ तुकडा दिला. देताना म्हणाला, “ताई, तुला झाडांची आवड आहे.” माझी आवड त्याला वाटणीच्या दिवशीच आठवली. माझा नवरा पंपदुरुस्तीचे काम करायचा. त्याने विहिरीला पाणी लावून दिले आणि दोन पावसाळ्यांनी तो गेला. त्यानंतर ही जमीन माझी आणि मी जमिनीची. या जमिनीवर कर्ज नाही, तारण नाही, दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. हक्क नाही म्हणजे कागदावर नाही. खरा हक्क कोणाचा, ते सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

भिंतीपलीकडच्या बालगृहात तेव्हा मुले दात्यांच्या भरवशावर जगत. कोणाचा वाढदिवस असला की केक येत, आणि मुले उलट्या होईपर्यंत खात. बाकीचे दिवस पाणीदार भाजी आणि शिळा पाव. केकच्या आधी दात्यासमोर ओळीत उभे राहून गाणे म्हणायचे, नंतर पुन्हा ओळीत उभे राहून आभार मानायचे. ते गाणे मला माझ्या रोपवाटिकेत ऐकू येई. इतके बेसूर आणि इतके मन लावून कोणी गात असेल असे मला वाटत नाही.

मग मुले भिंतीवरून माझी गाजरे चोरू लागली. मी तक्रार घेऊन गेले ती स्वयंपाकघरात. तिथली स्वयंपाकीण, जिला सगळे मावशी म्हणतात, ती माझे सगळे ऐकून घेऊन म्हणाली, “चोरतात कारण खायला लागतं. तुम्ही त्यांना पिकवायला लावा, मग चोरायला कोणाचं उरणार?” मी घरी आले आणि रात्रभर तिच्यावर चिडले. सकाळी गवंड्याला बोलावून भिंतीत दार पाडून घेतले.

वाफ्यांची पद्धत तेव्हा सुरू झाली. जे मूल बालगृहात येईल त्याला आल्या दिवशी, पलंग मिळण्याच्याही आधी, माझ्या जमिनीत एक वाफा मिळायचा. त्यात काय लावायचे ते त्याने ठरवायचे. मोठे होऊन बालगृह सोडताना त्याने आपला वाफा नव्या मुलाच्या हाती द्यायचा, पाणी कधी द्यायचे ते सांगायचे आणि मग फाटकाबाहेर पडायचे. ज्यांच्याजवळ स्वतःची चड्डीसुद्धा नव्हती, दुसऱ्याची उतरलेली घालत, त्यांच्याजवळ जमीन होती. पिकलेले आधी मुलांच्या ताटात जायचे, उरले तर रविवारी फाटकाशी विकायचे. विक्रीचे काय करायचे ते मुलेच बसून ठरवत, आणि त्यावरून मारामाऱ्याही होत. एका वर्षी सगळ्यांना पायांच्या मापाचे बूट आले. एकदा दाता केक घेऊन आला तर मुलांनी केक घेतला, त्याला टोपलीभर वांगी दिली आणि गाणे कोणी म्हटले नाही. तो गोंधळला. मी घरी जाऊन रडले. माझ्या आयुष्यात आनंदाने रडण्याचे प्रसंग फार आले नाहीत, म्हणून हा नोंदवते.

कलम ३. पहिली मूठ. ही प्रथा मावशीची. बियाणे आम्ही घरचेच धरायचो, राखेत घोळवून ठेवायचो. पेरणीच्या दिवशी जो पेरणार त्याने आधी त्या बियाण्याची चिमूटभर किंवा मूठभर खायची. मका असो, हरभरा असो, धुऊन तोंडात टाकायचा. सुरुवात सर्वांत लहान मुलाने करायची, मग वयाप्रमाणे चढत जायचे. मावशी म्हणायची, “जे आपल्या तोंडात घालवत नाही ते जमिनीच्या तोंडात घालायचं नाही.” मुलांना हे इतके अंगवळणी पडले होते की मूठ खाल्ल्याशिवाय एकही पोर दाणा टाकत नसे. हे आम्हाला ठाऊक होते, मुलांना ठाऊक होते. इतर कोणी कधी विचारले नाही.

मग माझा भाऊ विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. त्याने भिंतीतल्या दारातून वाफे पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. महिन्याभरात फाटकावर पाटी लागली, स्वावलंबी बालगृह. पाटी लागली म्हणून दात्यांनी हात आखडले, आणि दाते येत नाहीत म्हणून अधीक्षकाने चांगला माल बाजाराला लावला. मुलांच्या ताटात किडकी वांगी आणि फुटके टोमॅटो येऊ लागले. पाहुणे बघायला येऊ लागले. पाहुण्यांसाठी मुलांनी खुरपी हातात घेऊन ओळीत उभे राहायचे. गाणे गेले होते, ओळ परत आली. मी भावाला म्हटले, ही मुले तुझ्या पाटीसाठी राबतात का? तो म्हणाला, “ताई, तुला कोणाचं चांगलं बघवत नाही.” मंडळाच्या बैठकीचे बोलावणे मला येत असे, ते त्यानंतर बंद झाले.

कलम ४. भोपळ्याचा मृत्यू. हे कलम वगळावे अशी वकिलांनी विनंती केली होती. मी ती अमान्य करते.

भोपळ्या हे त्याचे बालगृहातले नाव. आपल्या वाफ्यात त्याने भोपळ्याशिवाय दुसरे काही लावलेच नाही. त्याला एक मोठी बहीण होती, तीही तिथलीच. उंची वाढेना म्हणून मुले तिला ठेंगणी म्हणत. दोघे एकाच दिवशी आले होते आणि त्यांचे वाफे शेजारी शेजारी होते. ठेंगणीच्या हाताला इतका गुण की तिची रोपे मी माझ्या रोपांत मिसळून विकायचे आणि पैसे तिच्या हातात द्यायचे.

त्या वर्षी भावाने बालगृहाच्या अंगणात पेरणीचा समारंभ ठेवला. बियाणे त्याने एका व्यापाऱ्याकडून देणगी म्हणून मिळवले होते. मक्याचे सुधारित बियाणे, कीड लागू नये म्हणून विषात घोळवलेले, गुलाबी रंगाचे. पोत्यांवर तसे छापलेले होते, कवटीचे चित्रही होते. पण पोती फोटोत वाईट दिसतात म्हणून अधीक्षकाने ती गोदामात नेऊन रिकामी केली आणि बियाणे चकचकीत वाट्यांत काढून मुलांसमोर मांडले. मी त्या दिवशी तिथे नव्हते. मला बोलावणे नव्हते, आणि भिंतीतल्या दाराला त्यांच्या बाजूने कडी घातली होती. मावशीला पाहुण्यांच्या चहाला बसवले होते. मी पुढे जे लिहिते ते मावशी, ठेंगणी आणि फोटो काढणारा यांच्याकडून ऐकलेले आहे. तिघांचे म्हणणे एकमेकांशी जुळते.

सर्वांत लहान भोपळ्या होता. गुलाबी दाणे पाहून तो जरा थबकला. त्याने बहिणीकडे पाहिले. ठेंगणीने वाटी त्याच्यापुढे केली आणि म्हणाली, “खा की. पहिला तू.” त्याने मूठ भरली आणि तोंडात कोंबली. पाहुणे कौतुकाने हसले, एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढणाऱ्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. पुढची मुले भरलेल्या मुठी तोंडाकडे नेणार इतक्यात माझा भाऊ भाषणाला उभा राहिला. मुले शिस्तीची. भाषण संपेपर्यंत मुठी हातातच धरून उभी राहिली. माझ्या भावाच्या भाषणाने जगात कोणाचे भले झाले असेल तर ते त्या दिवशी.

भाषण चालू असतानाच भोपळ्याच्या तोंडाला फेस आला. ऊन लागले म्हणून त्याला सावलीत नेले. पाणी पाजले. गाडी पाहुण्यांची होती, ती काढायला वेळ गेला. डॉक्टर मला नंतर म्हणाले की त्याने काय खाल्ले ते कोणी लगेच सांगितले असते तर कदाचित. मी त्यांना ते वाक्य पुरे करू दिले नाही.

चौकशी झाली. चौकशीत लिहिले गेले की मुलाने खाऊ नये ते खाल्ले. माझ्या भावानेही तेच सांगितले, आणि वर असेही म्हणाला की अनाथ मुलांना काहीही तोंडात घालायची सवय असते. चोराच्या उलट्या बोंबा पुष्कळ ऐकल्या आहेत, पण मेलेल्या पोराच्या नावाने ठोकलेल्या ऐकल्या त्या एवढ्याच. नंतर मंडळाने ठराव केला की शेती मुलांसाठी धोक्याची आहे. भिंतीतले दार विटांनी बुजवले. वाफे सुकले. पाटी तेवढी राहिली. आता पुन्हा केक येतात. गाणे मला माझ्या अंथरुणावर ऐकू येते.

कलम ५. माझ्या धाकट्या भावास. कायद्याने तो माझा वारस लागतो, आणि मी डोळे मिटण्याची तो वाट पाहतो आहे. जमिनीचे मोजमाप त्याने माणूस पाठवून करूनही घेतले आहे. मी आजारी पडल्यावर तो भेटायला आला, मोसंबी घेऊन आला, आणि मोसंबी सोलता सोलता म्हणाला की इथे सभागृह बांधून त्याला माझे नाव देता येईल. त्याला या जमिनीतला मातीचा कणही मिळू नये. तसेच त्याला सर्वस्वी वगळले असे त्याने न्यायालयात म्हणू नये म्हणून मी त्याला पुढील वस्तू देते. भोपळ्याचा तो फोटो, चौकटीसह. फोटो काढणाऱ्याने तो मला आणून दिला, कारण त्याला तो घरात ठेववत नव्हता. भोपळ्याचे गाल फुगलेले आहेत, मागे सगळे हसत आहेत, आणि सगळ्यांत मोठ्याने माझा भाऊ. ही त्याची पूर्ण वाटणी समजावी.

कलम ६. बँकेतली ठेव मावशीला. त्या दिवसापासून तिने स्वयंपाक सोडला आहे. ती भाचीकडे राहते आणि जेवायलाही कोणीतरी हाक मारावी लागते. प्रथा तिची होती म्हणून ती स्वतःला गुन्हेगार समजते. मी तिला तोंडी पुष्कळदा सांगितले, आता लेखी सांगते. मावशी, तुझ्या प्रथेने कोणाला मारले नाही. ज्यांना ती माहीत करून घ्यावीशी वाटली नाही, त्यांनी मारले. तुझ्या भाचीने ही ओळ तुला रोज वाचून दाखवावी, या अटीवर ठेव.

कलम ७. कोंबड्या पत्र्याच्या खुराड्यासकट शेजारच्या सुताराच्या नातीला. खुरपी, कुदळी, झाऱ्या या जमिनीसोबत राहतील. त्यांचे दांडे सुताराने मुलांच्या हातांच्या मापाने कापून दिले आहेत. मोठ्या माणसाने ते वापरायला घेतले तर कंबर धरेल, आणि धरावी.

कलम ८. घर, रोपवाटिका, जमीन आणि विहीर मी ठेंगणीला देते. ती आता सज्ञान झाली आहे, बालगृहातून बाहेर पडली आहे आणि माझ्याकडे राहते. बालगृहाला देता येत नाही, कारण बालगृह म्हणजे माझा भाऊ. दुसऱ्या कोणाला दिली तर त्याला तो गोड बोलून गुंडाळेल. ठेंगणीपुढे त्याचे बोलणे चालत नाही. ती त्याच्याकडे नुसती पाहते, आणि त्याला कुठेतरी जायचे असते.

अटी अशा. भिंत बालगृहाची नाही, माझ्या हद्दीत आहे, हे मोजणीत भावाच्याच माणसाने सिद्ध केले आहे. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. तेव्हा दार पुन्हा पाडावे. बालगृहातल्या प्रत्येक मुलाला आल्या दिवशी वाफा मिळावा. पिकेल ते आधी पिकवणाऱ्याच्या ताटात पडावे. पाहुण्यांना आत घेऊ नये. कोणी फारच हट्ट केला तर त्याच्या हाती खुरपे द्यावे. बालगृह सोडून जाणाऱ्या मुलांना नोकरी लागेपर्यंत घरातली पुढची खोली मोकळी असावी.

आणि पहिली मूठ. ही प्रथा बंद करावी असे मला वाटले होते. मग वाटले, बंद केली तर भोपळ्याने मूर्खपणा केला असे ठरेल. त्याने मूर्खपणा केला नाही. त्याने त्याला शिकवले तेच केले. म्हणून प्रथा राहील, पण उलटी. यापुढे मूठ जमिनीच्या मालकिणीने खायची, पेरणीच्या आदल्या दिवशी, सर्व मुलांसमोर, त्याच पोत्यातली. ती दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागली तर मुलांनी पेरायचे. मुलांनी स्वतः काही खायचे नाही.

कलम ९. हे कलम मी इतर कलमांच्या नंतर, दुसऱ्या दिवशी लिहिते आहे, म्हणून अक्षर वेगळे दिसेल.

वरची कलमे मी ठेंगणीला वाचून दाखवली. ती रोपांना पाणी देत होती, आणि मधे थांबली नाही. भोपळ्या गेल्यापासून ती रोपांना पाणी देते, कुंड्या उचलते, गिऱ्हाईक बघते, पण बियाण्याला हात लावत नाही. बी टाकायची वेळ आली की तिच्या हाताला घाम सुटतो आणि ती बाहेर निघून जाते. तिने झारी खाली ठेवली आणि म्हणाली, “काकू, मला नको ही जमीन. इथं मी त्याला खा म्हणाले.” मी म्हटले, जमीन ती नाही, ती भिंतीपलीकडे आहे. ती म्हणाली, “वाटी माझ्या हातात होती.”

मी कागद गोळा करून घरात आले. 

संध्याकाळी वकील आले. साक्षीदार कोण, असे त्यांनी विचारले. डॉक्टर तयार होते. दुसरा हवा होता. वकिलांनी नियम समजावून सांगितला की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचा वाटा बुडतो. ठेंगणी दारात उभी होती. ती लगेच म्हणाली, “मग दुसरी साक्षीदार मी. कुठं सही करायची ते दाखवा.”

वकील माझ्याकडे पाहू लागले. मला इतका राग आला की खोकला थांबेना. मग राग गेला आणि भीती वाटली. ती सही करील, मी मरेन, आणि भाऊ मोजणीची फीत घेऊन येईल, हे मला समोर दिसत होते. तरी जबरदस्ती करून दिलेली जमीन ही भेट नव्हे, शिक्षा आहे, आणि त्या पोरीने शिक्षा पुष्कळ भोगली आहे. मी वकिलांना म्हटले की दुसऱ्या साक्षीदाराची जागा उद्या सकाळपर्यंत मोकळी ठेवा. कागद टेबलावर राहील, पेन त्यावर राहील. तिला नकोच असेल तर तिने सही करावी. मी तिला पुन्हा एका शब्दाने काही विचारणार नाही. आणि मी विचारले नाही. रात्री तिने मला औषध दिले, दिवा मालवला, आपल्या खोलीत गेली. आम्ही दोघी जाग्या होतो हे दोघींना कळत होते.

सकाळी मी टेबलापाशी आले तेव्हा जागा मोकळीच होती. ठेंगणी घरात नव्हती. मला वाटले, ती सही न करताच निघून गेली, म्हणजे तिने सगळेच सोडले. मी खुर्ची धरून बसले. थोड्या वेळाने ती मागच्या दाराने आली. तिच्यामागे सुतार होता, अंगावर लाकडाचा भुसा तसाच. त्याला तिने कामावरून उठवून आणले होते.

ती मला म्हणाली, “सही यांची घ्या. मला बियाणं निवडायला बसायचंय.”

तिच्या हातांना घाम सुटला होता. तिने ते पदराला पुसले आणि ती आत गेली.

वरील नऊ कलमे मी स्वतः लिहिली, स्वतः वाचली आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली. खाडाखोड आहे ती माझीच आहे.

सही: रोपवाटिकावाली

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाईंना मी तपासले. शरीर थकलेले आहे, बुद्धी शाबूत आहे. त्या मुलालाही मीच तपासले होते. कलम ४ मधला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

साक्षीदार दुसरा: शेजारचा सुतार. मला सर्व वाचून दाखवले. कोंबड्या माझ्या नातीला आहेत, मला नाहीत, हे वकिलांना विचारून घेतले. माझ्यासमोर बाईंनी सही केली. सही करताना आतल्या खोलीत सुपात दाणे पाखडल्याचा आवाज येत होता, म्हणून बाई मधे थांबल्या होत्या. दुसरे काही कारण नव्हते.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळ.